भाड्याच्या इमारतीतील शासकीय कार्यालय : देखभालीची जबाबदारी कोणाची?

शासनाचा कारभार जेथून चालतो ती वास्तू शासनाच्याच मालकीची असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती सर्वत्र तशी नाही. शहरांच्या वाढत्या वस्तीत अनेक कार्यालयांना खाजगी इमारतींत भाड्याने जागा घेऊन आपले काम चालवावे लागते. अशा वेळी दारावरची पाटी शासनाची, पण भिंती दुसऱ्याच्या अशी स्थिती असते. पाटीखालून आत येणाऱ्या नागरिकाला हा भेद ठाऊक नसतो आणि तो ठाऊक असण्याचे कारणही नाही. छत गळले, जिना अंधारात राहिला किंवा पिण्याचे पाणी बंद झाले, तर त्याच्या लेखी दोष शासनाचाच असतो. म्हणूनच अशा इमारतीची व्यवस्था व देखभाल यांत घरमालकाचा वाटा कोणता आणि कार्यालयाचा वाटा कोणता, हे प्रारंभीच निश्चित होणे अगत्याचे ठरते.

पुण्याच्या पश्चिमेस वसलेले कोथरूड हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. एके काळी शेतीवाडीचे असलेले हे गाव हळूहळू पुणे शहराचा भाग बनले. १९६२ साली येथे किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला. पुढे कर्वे रस्ता व पौड रस्ता यांच्या दुतर्फा वसाहती वाढत गेल्या आणि ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय या मार्गावर मेट्रोही धावू लागली. लोकवस्ती वाढली की कार्यालये लोकांच्या जवळ न्यावी लागतात. प्रत्येक दाखल्यासाठी व प्रत्येक नोंदणीसाठी नागरिकांनी नदी ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे, हे सोयीचे नाही. परंतु दाट वस्तीत शासकीय मालकीची मोकळी जागा हाताशी असतेच असे नाही. मग दुकाने, दवाखाने व शिकवण्या ज्या इमारतींत चालतात त्यांतच कार्यालयासाठी एखादा मजला घ्यावा लागतो.

उदाहरणादाखल अशी एक इमारत डोळ्यांसमोर आणू या. तळमजल्यावर दुकाने आहेत, पहिल्या व दुसऱ्या मजल्यांवर कार्यालये आहेत आणि त्यांवर राहती घरे आहेत. इमारत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची आहे. जून महिन्यातील एका सकाळी कर्मचारी कार्यालय उघडतात, तेव्हा अभिलेखाच्या कपाटामागील भिंतीला ओल आलेली दिसते आणि खालच्या फळीवरील नस्त्या भिजलेल्या असतात. घरमालकास कळविले असता वरच्या सदनिकेतील नळ फुटल्याचे तो सांगतो. सदनिकाधारक बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवितो, तर इमारतीच्या संस्थेचे पदाधिकारी पुढील सभेपर्यंत थांबण्यास सांगतात. कार्यालय प्रमुखाकडे दुरुस्तीसाठी तरतूद नसते. दरम्यान पाऊस थांबत नाही. भिजलेल्या नस्तीत एखाद्या वृद्धेच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण असते, तर दुसरीत एखाद्या कुटुंबाच्या घराचे एकमेव मूळ कागदपत्र असते. जबाबदारीची वाटणी कागदावर नसली म्हणजे भुर्दंड कोणाला पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

कायदा काय सांगतो?

भाडेपट्ट्यासंबंधीचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ होय. त्याच्या कलम १०८ मध्ये घरमालक व भाडेकरू यांचे हक्क आणि कर्तव्ये दिली आहेत. भाडेकरूने जागा ज्या स्थितीत ताब्यात घेतली त्या स्थितीत राखावी आणि मुदत संपताच तशीच परत करावी, असा त्याचा आशय आहे. रोजच्या वापराने होणारी स्वाभाविक झीज व आवरता न येणाऱ्या आपत्तीने झालेली हानी यांतून त्याला सूट आहे. घरमालकास वाजवी वेळी जागेची पाहणी करता यावी, यासाठी भाडेकरूने मुभा द्यावयाची असते. जी दुरुस्ती करण्यास घरमालक बांधील आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो व तो खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो.

येथे एक मर्म आहे. ‘जी दुरुस्ती करण्यास घरमालक बांधील आहे’ असे कायदा म्हणतो. परंतु तो कोणत्या दुरुस्तीस बांधील आहे, हे या अधिनियमाने सांगितलेले नाही. ते कराराने ठरावयाचे असते. करार मूक राहिला तर हा हक्कही मूक राहतो.

ही उणीव भाडे नियंत्रणाच्या कायद्याने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १४ अन्वये, भाडेकरूने विरुद्ध आशयाचा करार केलेला नसेल तर जागा चांगल्या व राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वसूल करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वसुली त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक होता कामा नये. समजा, मासिक भाडे ४०,००० रुपये आहे. वर्षाचे भाडे ४,८०,००० रुपये झाले, तर त्या वर्षात जास्तीत जास्त १,२०,००० रुपये या मार्गाने वसूल करता येतील. खर्चाचा हिशेब व पावत्या जपून ठेवणे अर्थातच आवश्यक आहे. याच अधिनियमाच्या कलम २९ नुसार, पुरेशा कारणावाचून घरमालकास पाणी किंवा वीज यांसारखी अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही.

शासनाने खाजगी घरमालकाकडून भाड्याने घेतलेल्या जागेस या तरतुदींचा आधार मिळतो. बँका, सार्वजनिक उपक्रम व कायद्याने स्थापन झालेली महामंडळे यांनी भाड्याने घेतलेल्या जागा मात्र कलम ३ अन्वये या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत. त्यामुळे एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावर शासकीय कार्यालय व दुसऱ्यावर एखाद्या महामंडळाचे कार्यालय असेल, तर दोघांची कायदेशीर स्थिती निराळी असते. महामंडळाच्या कार्यालयास कराराचा प्रत्येक शब्द अधिक जपावा लागतो, कारण त्याचा बहुतेक सर्व आधार करारावरच असतो.

शासकीय कार्यालयानेही निर्धास्त राहू नये. ‘विरुद्ध आशयाचा करार नसेल तर’ या शब्दांकडे पुन्हा लक्ष द्यावे. छापील नमुन्यात ‘सर्व प्रकारच्या दुरुस्त्या भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात’ असे एखादे वाक्य असले आणि त्यावर न वाचता स्वाक्षरी झाली, तर कायद्याने दिलेले संरक्षण एका ओळीने गमावले जाते.

करार कोणी करावा, कसा करावा?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य शासनाच्या वतीने होणारे करार राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावे लागतात आणि त्यांवर प्राधिकृत अधिकाऱ्यानेच स्वाक्षरी करावयाची असते. कार्यालय प्रमुखाने केवळ पदाच्या शिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद पुढे वादाच्या वेळी अपुरा पडण्याचा संभव असतो. जागा घेण्यापूर्वी शासकीय जागा उपलब्ध नाही याची खातरजमा करणे आणि भाडे वाजवी असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून प्रमाणित करून घेणे, हेही महत्त्वाचे टप्पे होत.

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही तरतूद भाडेकरूच्या हिताची असली तरी तिच्यावर विसंबून राहणे श्रेयस्कर नाही. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि तोंडी ठरलेल्या गोष्टी बदलीबरोबर विस्मरणात जातात. नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला कपाटातून काढून वाचता येईल, असा कागद हाच खरा आधार होय.

भाडे आणि देखभाल या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हेही लक्षात घ्यावे. जे काम घरमालकाने करावयाचे त्याचा खर्च तो भाड्यात धरतो आणि जे काम भाडेकरूने करावयाचे तेवढे भाडे कमी असावयास हवे. इंग्लंडमधील व्यापारी भाडेपट्ट्यांत दुरुस्ती व विमा यांचा सर्व भार भाडेकरूवर टाकण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिकेत कर, विमा व देखभाल हे तिन्ही खर्च भाडेकरूने सोसावयाचे असा एक प्रकार आहे, तसाच सर्व खर्च भाड्यातच समाविष्ट असलेला दुसरा प्रकारही आहे. कोणतीही पद्धत मुळात वाईट नाही. भाडे एका पद्धतीचे आणि जबाबदारी दुसऱ्या पद्धतीची, असे होऊ नये म्हणजे झाले.

जबाबदारीचे तीन वाटे

व्यवहारात सर्व कामांचे तीन गट पाडणे सोयीचे असते.

पहिला गट इमारतीच्या सांगाड्याचा व कायमस्वरूपी अंगांचा. पाया, खांब, तुळया, स्लॅब, बाहेरच्या भिंती व त्यांचा गिलावा, गच्चीचा कोबा, पावसाचे पाणी वाहून नेणारे नळ, पाण्याच्या टाक्या, सांडपाण्याची मुख्य वाहिनी, लिफ्ट आणि मुख्य फलकापर्यंतची वीजवाहिनी ही कामे या गटात येतात. यांचे आयुष्य भाडेपट्ट्याच्या मुदतीपेक्षा मोठे असते आणि त्यांचा लाभ अखेरीस मालमत्तेस, म्हणजे मालकास होतो. म्हणून ही जबाबदारी घरमालकाची असणे न्याय्य होय. मालमत्ता कर आणि इमारतीचा विमा हेही याच गटात ठेवावेत.

दुसरा गट दैनंदिन वापराचा. अंतर्गत स्वच्छता, दिवे व पंखे यांची देखभाल, नळांच्या तोट्या, दारांच्या कड्या-कुलपे, खिडक्यांच्या काचा, कार्यालयाने स्वतः बसविलेली वातानुकूलन यंत्रे, संगणकांची जोडणी, लाकडी आडभिंती, फलक आणि अभिलेखाची मांडणी ही कामे कार्यालयाची. वीज व पाणी यांची देयके प्रत्यक्ष वापराप्रमाणे कार्यालयाने भरावीत. वीजमापक स्वतंत्र व कार्यालयाच्याच नावे असणे हितावह आहे. उपमापकावरून घरमालकास रक्कम देण्याच्या पद्धतीत हिशेबाचे वाद उद्भवतात आणि लेखापरीक्षणात शंका निघतात.

तिसरा गट सामाईक बाबींचा. जिना, प्रवेशद्वार, वाहनतळ, पाण्याचा पंप, रात्रीचा पहारा व सामाईक दिवे हे सर्वांच्या उपयोगाचे असतात. वाद बहुधा याच गटात निर्माण होतात, कारण जे सर्वांचे ते कोणाचेच नाही अशी वृत्ती बळावते. त्यासाठी काम करवून घेणारा एक आणि खर्च सोसणारे अनेक, असे स्पष्ट ठरवावे. काम करवून घेण्याची जबाबदारी शक्यतो घरमालकाकडे असावी व खर्चाची वाटणी चटई क्षेत्राच्या प्रमाणात व्हावी. समजा, तीन कार्यालयांकडे अनुक्रमे १,२००, ८०० व ४०० चौरस फूट जागा आहे आणि महिन्याचा सामाईक खर्च १२,००० रुपये आहे. तर त्यांचे वाटे अनुक्रमे ६,०००, ४,००० व २,००० रुपये होतील. तळमजल्यावरील कार्यालयाने लिफ्टच्या खर्चात वाटा द्यावा की नाही, यांसारखे प्रश्न पहिल्या देयकाच्या वेळी नव्हे, तर कराराच्या वेळीच सोडवावेत.

रंगकाम, फरशीची मोठी दुरुस्ती, जुन्या वीजतारा बदलणे यांसारखी काही कामे सीमेवरची असतात. त्यांच्या बाबतीत ‘किरकोळ’ आणि ‘मोठी’ असे मोघम शब्द वापरून भागत नाही. किती वर्षांनी रंगकाम व्हावे आणि किती रकमेपर्यंतची दुरुस्ती कार्यालयाने करावी, हे आकड्यांत लिहावे.

गच्ची कोणाची?

पुण्यातील इमारतींचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. ज्याच्याकडून जागा भाड्याने घेतली तो पुष्कळदा संपूर्ण इमारतीचा मालक नसतो. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील गृहनिर्माण संस्थेचा सभासद असतो किंवा १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील एका गाळ्याचा धारक असतो. अशा वेळी गच्ची, बाहेरच्या भिंती व जिने ही सामाईक अंगे असतात आणि त्यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. संस्थांच्या आदर्श उपविधींमध्येही गच्ची, बाह्य भिंती, सामाईक नळ व त्यांतून होणारी गळती यांचा अंतर्भाव संस्थेने करावयाच्या दुरुस्त्यांत केलेला आहे.

परंतु कार्यालयाचा करार असतो तो गाळाधारकाशी, संस्थेशी नव्हे. त्यामुळे गळतीची तक्रार संस्थेकडे थेट करण्यास गेल्यास ‘आपण आमचे सभासद नाही’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. यावर उपाय साधा आहे. जागा घेण्यापूर्वी संस्थेचे संमतिपत्र घ्यावे. ‘सामाईक अंगांची दुरुस्ती संस्थेकडून करवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची राहील व संस्थेने विलंब केल्याच्या कारणाने तो जबाबदारीतून मुक्त होणार नाही’ असे कलम करारात घालावे. संस्थेचे देखभाल शुल्क व बिनभोगवटा शुल्क कोणी भरावयाचे, हेही त्यातच लिहावे.

जेथे हयगय चालत नाही

काही जबाबदाऱ्या अशा आहेत, की त्यांच्या वाटणीत चूक झाल्यास हानी पैशांची न होता जीविताची होते.

त्यांपैकी पहिली आगीपासून संरक्षणाची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने ही जबाबदारी मालक आणि भोगवटादार या दोघांवरही टाकली आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावयाचे असते. कायदा दोघांना उत्तरदायी धरतो. म्हणून प्रमाणपत्र कोणी मिळवावयाचे हे करारात ठरले, तरी ते मिळाले आहे की नाही हे दुसऱ्यानेही पाहिलेच पाहिजे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले, मनुष्यहानी झाली आणि मोठ्या प्रमाणावर कागदपत्रे नष्ट झाली. ती इमारत शासनाच्या मालकीची होती. मालकी कोणाचीही असो, आग ती विचारीत नाही.

दुसरी जबाबदारी विजेच्या भाराची. पूर्वी पंखे व दिवे यांच्या हिशेबाने घातलेल्या तारांवर आज संगणक, मुद्रणयंत्रे व वातानुकूलन यंत्रे यांचा भार पडतो. तारा क्षमतेपेक्षा अधिक तापतात, त्यांचे आवरण ठिसूळ होते आणि एका ठिणगीने अनर्थ ओढवतो. नवीन यंत्र बसविण्यापूर्वी मंजूर भार पुरेसा आहे काय व भूसंपर्कन ठीक आहे काय, याची तपासणी कार्यालयाने करून घ्यावी. भार वाढविण्यास लागणारी संमती घरमालकाने विनाविलंब द्यावी.

तिसरी बाब पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. ती म्हणजे कागदांचे वजन. इमारतींच्या संकल्पचित्रासाठीच्या १९८७ च्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोल्यांची जमीन दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलोग्रॅम भाराच्या हिशेबाने बांधली जाते. अभिलेख ठेवण्याच्या खोल्यांसाठी हाच आकडा ५ किलोन्यूटन आहे. राहण्यासाठी बांधलेल्या सदनिकेत छतापर्यंत नस्त्यांची कपाटे रचली, तर जमिनीवर अपेक्षेपेक्षा दुप्पट-अडीचपट भार पडू शकतो. जागेचा उपयोग काय होणार, हे घरमालकास आधी सांगणे कार्यालयाचे कर्तव्य आहे, तर इमारत तो भार सोसेल किंवा नाही हे अभियंत्याच्या दाखल्यासह सांगणे घरमालकाचे.

याच संदर्भात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ चा उल्लेख केला पाहिजे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महानगरपालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून करवून घेणे हे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. कोथरूडमध्ये १९८० ते १९९५ या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींनी ही मर्यादा ओलांडली आहे. तेव्हा अशा इमारतीत जागा घेताना किंवा जुना करार नवीन करताना संरचना तपासणीचा अहवाल मागणे, ही पहिली अट असावी.

लिफ्टसंबंधीही असेच म्हणता येईल. १९३९ च्या कायद्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ चा लिफ्टविषयक नवा अधिनियम केला. लिफ्टचा परवाना व तपासणी यांची कागदपत्रे घरमालकाने दाखवावीत व त्यांची प्रत कार्यालयाने आपल्या दप्तरी ठेवावी.

सर्वांसाठी खुले दार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सार्वजनिक इमारतीची व्याख्या करताना शासकीय व खाजगी असा भेद केलेला नाही. जेथे सर्वसामान्य जनता येते ती इमारत दिव्यांगांना सुगम असली पाहिजे. भाड्याची जागा आहे म्हणून उतरता मार्ग केला नाही, हे उत्तर चालणार नाही. पण येथे पुन्हा जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार भाडेकरूला घरमालकाच्या संमतीशिवाय कायमचे बांधकाम करता येत नाही. उतरता मार्ग, जिन्याचे कठडे व रुंद दाराचे प्रसाधनगृह ही कायमची बांधकामे होत. म्हणून ती घरमालकाने ताबा देण्यापूर्वीच करून द्यावीत किंवा कार्यालयास ती करण्याची लेखी संमती करारातच द्यावी. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या नागरिकाला पायऱ्यांवरून उचलून न्यावे लागणे, ही त्याची अवहेलना आहे.

वाटणी झाली; पुढे काय?

कराराच्या परिशिष्टात कामांची यादी जोडली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे नियमित व्यवस्थापनाचे आहे. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, ताबा घेतानाची संयुक्त पाहणी. प्रत्येक खोलीच्या भिंती, फरशी, दारे-खिडक्या, नळ व वीजजोडणी यांची स्थिती छायाचित्रांसह नोंदवून दोन्ही पक्षांनी स्वाक्षरी करावी. पाच वर्षांनी ‘ही भेग आधीपासूनची की नंतरची’ असा वाद निघाल्यास हीच नोंद उत्तर देते.

दुसरी, मे महिन्यातील पाहणी. पुण्याचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गच्चीवरील पालापाचोळा काढणे, पावसाच्या नळांची तोंडे मोकळी करणे, खिडक्यांवरील सज्ज्यांच्या भेगा बुजविणे, टाक्या धुणे ही कामे मेअखेर झाली, तर जूनमधील अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत. कोब्याचे काम भर पावसात करता येत नाही, हे प्रत्येक गवंडी जाणतो. मात्र मंजुरीचा कागद अनेकदा नेमका पावसातच निघतो. तो फेब्रुवारीत निघेल अशी तजवीज करावी.

तिसरी, तक्रार नोंदवही. तक्रार केव्हा आली, कोणास कळविली, केव्हा दूर झाली, हे तीन रकाने तीत असावेत. तोंडी किंवा दूरध्वनीवरून दिलेली सूचना उपयोगी असली तरी कायद्याने अपेक्षित असलेली नोटीस ती नव्हे. नोंदवहीतील तारखेवरूनच पुढे पंधरा दिवसांच्या नोटिशीचा पाया घालता येतो. किती मुदतीत काय व्हावे हेही ठरलेले असावे. उदाहरणार्थ, वीज किंवा पाणी बंद पडल्यास एक दिवस, गळती असल्यास तात्पुरता उपाय तीन दिवसांत व कायमचा उपाय ठरलेल्या हंगामात, अशी वर्गवारी करता येईल.

चौथी, दोन्ही बाजूंनी एकेक जबाबदार व्यक्ती. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याकडे इमारतीचे काम नावानिशी सोपवावे आणि घरमालकानेही आपला प्रतिनिधी लेखी कळवावा. इमारतीत अनेक कार्यालये असल्यास त्यांनी आपसांत एक समन्वयक निवडावा. पाच कार्यालयांनी पाच पत्रे लिहिण्यापेक्षा सर्वांच्या वतीने गेलेले एक पत्र अधिक परिणामकारक ठरते.

घरमालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याने जागा दिली ती उत्पन्नासाठी. त्याचे भाडे मार्चच्या गर्दीत अडकले, करार संपूनही नूतनीकरणाचा कागद महिनोन् महिने फिरत राहिला आणि जुन्याच दराने भाडे मिळत राहिले, तर दुरुस्तीचा उत्साह त्याला कोठून येणार? वेळेवर भाडे हीदेखील कार्यालयाची देखभालीतील जबाबदारीच समजावी. मुदत संपण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून नूतनीकरणाची कार्यवाही सुरू केल्यास पुष्कळसा कडवटपणा टळेल.

जागा सोडताना

शासनाची स्वतःची वास्तू उभी राहिली की भाड्याची जागा सोडावयाची असते. त्या वेळी कार्यालयाने बसविलेली मांडणी, यंत्रे व आडभिंती काढून नेण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूस दिला आहे. मात्र काढताना जागा मूळ स्थितीत करून दिली पाहिजे. भिंतीतील छिद्रे बुजविणे, अनधिकृत जोडण्या काढणे, देयके चुकती करून पावत्या घेणे व अनामत रक्कम परत मिळविणे, ही कामे शेवटच्या दिवसावर न ठेवता ताबा यादी समोर ठेवून क्रमाने उरकावीत. आगीने, वादळाने अथवा पुराने जागा कायमची निरुपयोगी झाल्यास भाडेपट्टा संपुष्टात आणण्याचा विकल्प भाडेकरूस असतो. पण ती हानी त्याच्याच चुकीने झाली असेल, तर त्याला हा विकल्प मिळत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क प्राप्त झाला आहे. छत गळत होते, हे विलंबाचे कारण म्हणून नागरिकाला सांगता येणार नाही. त्याचा संबंध येतो तो खिडकीपलीकडील कर्मचाऱ्याशी. त्या कर्मचाऱ्याला कोरड्या जागेत, पुरेशा प्रकाशात व निर्भयपणे बसून काम करता आले, तरच मुदतीत काम होईल.

घरमालक, कार्यालय आणि इमारतीची संस्था या तिघांपैकी प्रत्येकाला आपला वाटा ठाऊक असेल, तर वर कल्पिलेल्या इमारतीत जूनची ती सकाळ निराळी उगवेल. मे महिन्यातच गच्ची तपासली गेलेली असेल, कपाटे भिंतीपासून दूर हलविलेली असतील आणि दहा वाजता खिडकी उघडताच रांगेतील पहिल्या वृद्धेला तिची नस्ती कोरडी व शाबूत मिळेल.